चित्रे, दिलीप पुरुषोत्तम
(१७ सप्टेंबर १९३८ – १० डिसेंबर २००९). मराठी व इंग्रजी कवी, अनुवादक, चित्रकार आणि चित्रपट-दिग्दर्शक. जन्म बडोद्याला. वडील पुरुषोत्तम चित्रे ‘अभिरुची’ मासिक चालवीत. साहजिकच वाङ्मयीन वातावरण घरातच होते. पुढे कुटुंब मुंबईला आले. अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्यासह त्यांनी काढलेल्या ‘शब्द’ या अनियतकालिकापासून मराठीतील लघुनियतकालिकांच्या चळवळीचा आरंभ मानला जातो. पहिला संग्रह ‘कविता’ (१९६०). त्यानंतर काही वर्षे त्यांनी इथिओपियात अध्यापन केले.

मराठी कविता इंग्रजीत नेणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. ‘सेज तुका’ (१९९१) हा तुकोबांच्या निवडक अभंगांचा अनुवाद त्यांतला सर्वांत महत्त्वाचा. त्यात तुकाराम केवळ संत म्हणून नव्हे, तर जागतिक तोलाचा कवी म्हणून उभा राहतो. ‘पुन्हा तुकाराम’ या मराठी ग्रंथातही त्यांची भूमिका हीच आहे. ज्ञानदेवांचा ‘अनुभवामृत’ आणि नामदेव ढसाळांची कविताही त्यांनी इंग्रजीत आणली. संतांपासून ढसाळांच्या ‘गोलपिठा’पर्यंतचा हा पल्ला दुसऱ्या मराठी अनुवादकाकडे क्वचितच आढळेल. ‘गोदाम’ हा हिंदी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. १९९४ मध्ये ‘एकूण कविता–१’ला साहित्य अकादमी पुरस्कार, तर ‘सेज तुका’ला अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. निधन पुणे येथे.