मागून ठोकले म्हणजे चूक ठरली?

घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीजवळ किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर काटई नाक्यापाशी चार गाड्या एकमेकींवर आदळल्या की निवाडा पंचनाम्याच्या आधीच होतो. ‘ज्यानं मागून ठोकलं, त्यानं भरायचं.’ बघे, रिक्षावाले, पुढच्या गाडीतले काका या एका मुद्द्यावर सगळ्यांचे एकमत असते. पहिला दुसऱ्याकडे पैसे मागतो, दुसरा तिसऱ्याकडे, तिसरा चौथ्याकडे.

दोन गाड्यांपुरता हा नियम बहुधा बरोबर ठरतो. गाड्या तीन झाल्या की तो स्वतःच्याच पायात अडकतो. मधल्या गाडीने पुढच्या गाडीला मागून ठोकले, हे खरे; पण ती नीट थांबलेली असताना मागच्याने ढकलल्यामुळे पुढे गेली असेल तर? 26 जुलै 2025 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ ब्रेक निकामी झालेल्या कंटेनरने वीसएक गाड्या ठोकरल्या. त्यांतली जी गाडी ढकलली जाऊन समोरच्या गाडीवर आदळली असेल, तिच्या चालकाला ‘मागून ठोकणारा’ म्हणून दोषी धरायचे का? आणि ‘ब्रेक फेल’ म्हटल्याने कंटेनरवालाही सुटत नाही. वाहनातला छुपा बिघाड पुढे करणाऱ्या मालकाने आपण योग्य ती सगळी काळजी घेतली होती हे स्वतः सिद्ध करायचे असते. मिनू मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 सालीच ते सांगितले आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. 2017पर्यंत लागू असलेल्या 1989च्या रस्ता-विनियमांतला विनियम 23 म्हणत असे, की पुढचे वाहन अचानक थांबले तरी धडक टळेल इतके अंतर मागच्याने ठेवावे. निशान सिंग प्रकरणात (2018) ट्रकने एकदम ब्रेक लावल्याचा युक्तिवाद होता, तरी जेमतेम 10-15 फुटांवरून मागे येणाऱ्या मोटारीच्या चालकालाच सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजी ठरवले. ‘मागच्याचीच चूक’ म्हणणाऱ्यांचा हाच मोठा आधार.

पण त्याच पानावरचा विनियम 24 कोणी वाचत नाही. सुरक्षिततेसाठी गरज नसेल तर करकचून ब्रेक लावू नये, असे तो पुढच्याला बजावत असे. मोहम्मद हक्कीम प्रकरणात (जुलै 2025) हाच मुद्दा कळीचा ठरला. कोइम्बतूरजवळ महामार्गावर एका मोटारचालकाने अचानक गाडी थांबवली; गरोदर पत्नीला उलटीची भावना झाली, हे कारण. मागचा दुचाकीस्वार विद्यार्थी मोटारीवर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या अंगावर गेली. त्याचा पाय कापावा लागला. न्यायालयाने दोष वाटला तो असा: पुढच्या मोटारीचा 50 टक्के, बसचा 30, दुचाकीस्वाराचा 20. अंतर न राखल्याबद्दल मागच्याच्या पदरी दोष आलाच, पण सर्वांत मोठा वाटा सर्वांत पुढच्याचा. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर एवढेच निघते, की मागच्यावर पहिला संशय जातो. तो निकाल नव्हे.

आमच्या भागात तर हा भेद फारच महत्त्वाचा. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एखादा सेकंद निघून जातो. तेवढी जागा समोर सोडली की माजिवड्यापर्यंत तिच्यात दोन रिक्षा घुसतात. घुसून लगेच ब्रेक मारणारा ‘पुढचा’ म्हणून निर्दोष कसा? खड्डा चुकवायला ब्रेक लावणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याच्याकडे कारण आहे. तिथे बोट रस्ता राखणाऱ्याकडेही वळते. ऑक्टोबर 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. रस्त्यावरच्या भांडणात महापालिकेचे नाव मात्र क्वचितच निघते.

मग दोष ठरवायचा कसा? धडकांचा क्रम लावून. पुढच्या गाडीतल्यांना हिसके किती बसले, हा पहिला प्रश्न. एकच बसला असेल तर मधली गाडी बहुधा ढकलली गेली. दोन बसले तर ती आधी स्वतः आदळली आणि नंतर तिला मागून धक्का बसला. मधल्या गाडीचा पुढचा भाग चेपला आणि मागचा जवळजवळ शाबूत असेल, तर ‘मला ढकललं’ ही तिची सबब टिकत नाही. डॅशकॅम किंवा नाक्यावरचा सीसीटीव्ही असेल तर वाद मिनिटात मिटतो. नसेल तर शाबूत बंपर हासुद्धा पुरावाच.

म्हणून गाड्या बाजूला घेण्याआधी सर्व गाड्यांचे पुढून-मागून फोटो काढा, आणि हिसके किती बसले ते पुढच्या गाडीतल्या प्रवाशांना तिथेच विचारा. दमदाटीला भिऊन ‘चूक माझी, भरतो’ असे कागदावर लिहून देऊ नका; विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दिलेली अशी कबुली तुमच्या पॉलिसीच्या अटींविरुद्ध असते.