तळटीप १७ : घोडबंदर रोड आणि विद्यापीठ

१७. घोडबंदर रोडलगत बाळकुमला मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आले आणि उच्च विद्या ठाण्यात पोचली, असे लेखक इथे सुचवतात. मराठी वाङ्मयापुरता तरी हा क्रम उलटा धरायला हवा. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने १८६०च्या दशकातच वरच्या परीक्षांतून मराठी काढून टाकली. ती परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले. मराठी अशी दाराबाहेर उभी असताना, १८९३ साली, ऐन विशीतल्या वि. ल. भाव्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले. जुनी हस्तलिखिते मिळवायची, झिजलेली अक्षरे लावायची, पाठ ताडून पाहायचे, या खटपटीतूनच त्यांचा मराठी वाङ्मयाचा इतिहास, ‘महाराष्ट्र सारस्वत’, घडला. भावे स्वतः इंग्रजी विद्येत वाढलेले, विज्ञानाचे पदवीधर. मग हे काम वसाहतीच्या चौकटीबाहेरचे कसे, असा आक्षेप येईल. तो निम्मा खरा आहे. वाङ्मयाचा कालक्रमाने इतिहास लिहिण्याची कल्पना पाश्चात्त्य अभ्यासातूनच आली. पण काय जपायचे, वाङ्मय कशाला म्हणायचे, याचा निवाडा इथे विद्यापीठाच्या सिनेटच्या हाती नव्हता. तो गावातल्या वाचकांनी केला. साहित्य इथल्याच परंपरेच्या कसोट्यांवर जोखावे, या भालचंद्र नेमाड्यांच्या देशीवादावर विद्यापीठांत इतकी वर्षे वाद चालला आहे. त्यात ठाण्याचा हा दाखला मध्यभागी असायला हवा. बाळकुमच्या उपकेंद्रात आज कायदा आणि व्यवस्थापन शिकवतात. संग्रहालय तिथून काही किलोमीटरवर, स्टेशनच्या बाजूला आहे.