वारणेचा ऊस, संगणक आणि एक लघुसंदेश

१/१०
वारणा नदीच्या एका तीरावर कोल्हापूर जिल्हा, दुसऱ्या तीरावर सांगली. सांगलीकडील वाळवे-शिराळ्याचा मुलूख १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. याच खोऱ्यात १९९८ साली सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रयोग झाला. त्याची ही कथा.

२/१०
ऊस शेतातून कारखान्यात जातो, तेव्हा त्याच्या आधी आणि मागे कागद चालत असतात. लागणीची नोंद, तोडणीचा आदेश, काट्यावरचे वजन, खताची उचल, सोसायटीच्या कर्जाची कपात आणि अखेरीस बिल. पूर्वी यांतील प्रत्येक नोंदीची वही निराळी आणि टेबलही निराळे.

३/१०
यात शेतकऱ्याचे काय पणाला लागते? आडसाली ऊस जवळजवळ दीड वर्ष रानात उभा असतो. लागणीची तारीख चुकीची चढली की तोडणीचा क्रम चुकतो. क्रम लांबला की उसाला तुरा येतो, वजन घटते. पैसा वजनावर मिळतो. म्हणजे वहीतली एक चूक थेट घरातल्या मिळकतीवर येते.

४/१०
वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने साखर कारखाना उभा राहिला होता आणि त्याच्याभोवती सहकारी संस्थांचे जाळे विणले गेले होते. सभासद, क्षेत्र, कर्ज यांच्या नोंदी तेथे आधीपासूनच होत्या. संगणकाला कोरी पाटी नव्हे, भरलेल्या वह्या मिळाल्या.

५/१०
'वायर्ड व्हिलेज' या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रकल्पाची उभारणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केली. खर्चाची वाटणी अशी : केंद्र सरकार ५० टक्के, राज्य सरकार ४० टक्के, वारणेच्या संस्था १० टक्के. गावोगावी ५४ संगणक केंद्रे सुरू झाली.

६/१०
कामाचे सूत्र साधे होते. गावातच लागण नोंदवायची. तीच नोंद पुढे तोडणीच्या आदेशाचा आधार, तोच आदेश वजनाच्या नोंदीचा आधार आणि तेच वजन बिलाचा आधार. एकदा लिहिलेले पुन्हा लिहायचे नाही. केवळ चौकशीसाठी कारखान्यापर्यंतचा हेलपाटाही वाचला.

७/१०
मूळ संकल्प याहून मोठा होता : बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण, इंटरनेट. प्रत्यक्षात केंद्रे वापरली गेली ती मुख्यतः उसाच्या कामासाठी. कारण उघड आहे. उसाच्या नोंदीच्या दुसऱ्या टोकाला कारखाना होता आणि त्या नोंदीवर त्याला पुढचे काम करावेच लागे. इतर माहितीच्या दुसऱ्या टोकाला असे बांधलेले कोणी नव्हते.

८/१०
पण खेड्यात संगणक सांभाळणे महाग पडे. तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग केला. गावातला संगणक काढला, मोबाइलचा लघुसंदेश आणला. संदेश कारखान्याकडील संगणकाला जोडलेल्या फोनवर जाई आणि उत्तर उलट संदेशाने येई.

९/१०
२००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार जुन्या व्यवस्थेची सारी कामे फोनवर झाली. खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना हीच पद्धत अधिक पसंत पडली. यंत्र बदलले, नोंदींची साखळी तीच राहिली. एखादी व्यवस्था सात गावांवरून सत्तर गावांवर न्यायची, तर भार वाहते ती ही साखळी.

१०/१०
तरीही एक मर्यादा उरते. तोडणीची टोळी कोणाच्या फडात आधी उतरवायची, हे माणसे ठरवतात. संदेश तो निर्णय फक्त पोचवतो. मात्र लागणीची तारीख आणि काट्यावरचे वजन हाताशी असलेला शेतकरी 'माझा नंबर का मागे पडला?' असे पुराव्यानिशी विचारू शकतो. वारणेच्या प्रयोगाचे मोल या प्रश्नात आहे.