नर्व्ह ब्लॉक : खुब्याच्या अस्थिभंगातील

खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णाच्या जांघेपाशी बधिरतेचे औषध टोचून सांध्याकडून येणारी वेदना काही तास थोपवण्याची पद्धत. शस्त्रक्रियेची मुख्य भूल बहुधा वेगळी, म्हणजे कमरेतून दिलेली स्पायनल असते. ब्लॉक तिच्या आधीची आणि नंतरची वेदना सांभाळतो.

असे रुग्ण बहुतेक साठी-सत्तरी उलटलेले असतात. न्हाणीत किंवा ओट्यावर पाय घसरतो, पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळते. निपचित पडून राहिले तर दुखणे सोसवते. चादर बदलताना, बेडपॅन देताना, एक्स-रेच्या टेबलावर घेताना मात्र जीव कासावीस होतो. डायक्लोफिनॅकसारखी इंजेक्शने म्हाताऱ्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत. अफूवर्गीय औषधांनी गुंगी, बद्धकोष्ठ आणि भ्रम वाढतो. म्हणून ब्लॉकचे मोल वयाबरोबर वाढते.

खुब्याच्या पुढच्या आवरणाला प्रामुख्याने फेमोरल व ऑब्ट्युरेटर या नसांचे धागे पुरवठा करतात. फॅशिया इलियाका ब्लॉक फ्रान्समधील डालेन्स व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये लहान मुलांसाठी मांडला. पुढे तो वृद्धांच्या अस्थिभंगात रूढ झाला. कमरेच्या हाडाचा पुढचा उंचवटा आणि जघनास्थीचा उंचवटा यांना जोडणारी रेषा धरतात. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा संपतो तिथून एक सेंमी खाली बोथट सुई घालतात. दोन पडदे भेदले जाताना बोटांना दोन झटके जाणवतात; दुसऱ्यानंतर सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहतात आणि ३० ते ४० मिली औषध थांबत थांबत सोडतात. २०१८ मध्ये टोरँटोच्या गटाने वर्णिलेला पेंग ब्लॉक सोनोग्राफीखाली सांध्याच्या पुढच्या बारीक धाग्यांजवळ दिला जातो. त्यात मांडीची ताकद बरीचशी टिकते. फॅशिया इलियाकात गुडघा लटका पडू शकतो, त्यामुळे आधाराशिवाय उभे करू नये.

खरी कसोटी ऑपरेशन थिएटरात लागते. स्पायनलसाठी रुग्णाला बसवावे किंवा कुशीवर वळवावे लागते, आणि मोडक्या खुब्याला नेमके तेच सोसत नाही. अर्धा तास आधी ब्लॉक दिलेली आजी दोघांच्या आधाराने उठून बसते, पाठीचा बाक काढते आणि भूलतज्ज्ञाला मणक्यांमधली जागा सापडते. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात ४९ चाचण्या व ३,०६१ रुग्ण होते. हालचालीची वेदना अर्ध्या तासात कमी झाली, तीव्र भ्रमाचे प्रमाण घटले.

सिल्लोडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी प्रश्न थिएटरच्या आधीच उभा राहतो. इथे उपजिल्हा रुग्णालय आहे; पण पुढच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठायचे तर फुलंब्रीमार्गे साठ किलोमीटरहून अधिक प्रवास होतो, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा मोडलेल्या टोकांना हलवतो. ब्लॉक द्यायचा तर रुग्णवाहिकेत चढवण्यापूर्वी. शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत तो राखून ठेवण्यात अर्थ नाही. सोनोग्राफीचा आग्रह इथे आड येऊ नये. लिंगनिवड रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते आणि गावोगावच्या दवाखान्यांत जाणाऱ्या भूलतज्ज्ञाला आपले यंत्र पिशवीत घालून फिरता येत नाही. कायदा आवश्यकच आहे. दोन झटक्यांची जुनी रीत म्हणूनच शिकून ठेवावी. यंत्र असेल तिथे ते जरूर वापरावे, कारण औषध कुठे पसरते ते डोळ्यांना दिसते.

धोका मुख्यतः मात्रेचा. ब्युपिव्हाकेनची मर्यादा किलोमागे सुमारे २ मिग्रॅ मानतात. ०.५ टक्क्याच्या २० मिली औषधात १०० मिग्रॅ असते. ते सलाईनने ४० मिली केले तरी ५० किलोच्या रुग्णाची मर्यादा तेवढ्यातच गाठली जाते. चाळीस किलोच्या आजीला त्यातले ३२ मिलीच. तोंडाभोवती मुंग्या, कानात गुणगुण, बडबड ही रक्तात औषध चढल्याची पहिली चिन्हे. पुढे झटके येऊन हृदय थांबू शकते. सलाईन, ऑक्सिजन, मॉनिटर आणि २० टक्के लिपिड इमल्शन हाताशी नसेल तर सुई उचलू नये. ब्लॉकपूर्वी पायाची नाडी व बोटांची हालचाल तपासून नोंदवतात. रेफर चिठ्ठीवर औषध, मात्रा, बाजू आणि वेळ ठळक लिहितात, म्हणजे घाटीतला डॉक्टर असर उतरण्यापूर्वी दुसरी मात्रा देत नाही.