बोंडअळीच्या पोटातले राज्य

दसरा-दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात कापसाची पहिली वेचणी येते. सीतादही करून, पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून मग बोंडाला हात लावायचा, असा रिवाज. लोणार तालुक्यातले सुलतानपूर या काळ्या मातीच्या मुलखातलेच. पण डोमकळ्या दिसू लागल्या, की सणावरचे मन उडते. कारण फुलाच्या आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते.

ही अळी परकी नव्हे. 1840 च्या दशकात सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय नाव ठेवले, ते भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. पुढे ती जगभर पसरली. निर्यातीचा असाही एक माल आपण पाठविला म्हणायचा!

तिच्यावरचा उतारा मात्र रेशमाच्या किड्यांनी शिकविला. 1865 पासून पाश्चर फ्रान्समध्ये त्यांच्या रोगांमागे लागला होता. पाच वर्षांनी त्याचा ग्रंथ निघाला, त्यात दोन रोग वेगळे काढलेले होते: एक परजीवीचा, दुसरा आतड्यातल्या जंतूंचा. त्याच 1870 साली आपल्या खामगावच्या कापूसबाजाराला आगगाडी मिळाली. 1901 साली जपानात इशिवाता याला मेलेल्या रेशीमकिड्यांत एक जंतू सापडला. 1911 साली जर्मनीत बर्लिनरला तोच पिठातल्या पतंगाच्या अळ्यांत आढळला. थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव मिळाले. हाच तो ‘बीटी’. त्याचे विष अळीच्या आतड्यात विरघळते, अस्तराला भोके पाडते आणि अळीचे खाणे थांबते.

पण मारतो कोण? 2006 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये एका पतंगाच्या अळ्यांना प्रतिजैविक देऊन आतड्यातले जंतू नाहीसे केले, तेव्हा बीटी निष्प्रभ ठरला. एक जंतू परत घातला, तर अळ्या पुन्हा मेल्या. 2009 साली इतर संशोधकांनी दुसऱ्या अळ्यांवर प्रयोग करून हे खोडून काढले. मला यात दोघेही आपापल्या अळीपुरते खरे वाटतात.

2002 साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. पण गुलाबी अळी त्या विषाला सरावली आणि 2017 च्या हंगामात विदर्भात बोंडेच्या बोंडे कवडी झाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. म्हणूनच पोटातल्या या राज्याची चौकशी निव्वळ हौसेची राहत नाही.

या राज्यात ढवळाढवळ करणारी एक चिमुकली माशीही आहे, ब्रॅकॉन. ती अळीला नांगी मारून लुळी करते आणि तिच्यावर अंडी घालते. नोवोसिबिर्स्कच्या संशोधकांनी 2019 साली मेणअळीवर दाखविले, की या डंखानंतर आतड्यातली सत्ताच पालटते: एंटरोकॉकस मागे पडून एंटरोबॅक्टेरिया माजतात, अळीची प्रतिकारव्यवस्था बदलते आणि बुरशी तिला सहज ग्रासते. तसलीच बुव्हेरिया बुरशी आपल्याकडे कीडनाशक म्हणून पुड्यांतून विकली जाते. बोंडअळीवरही ब्रॅकॉन जगते. मात्र जहाल औषधाचा फवारा आला, की बोंडात लपलेल्या अळीआधी उघड्यावरची ही माशीच मरते.