बेवड : गव्हाच्या नत्राची कथा



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने खताविषयी का बोलावे, अशी शंका कोणास येईल. परंतु मजूर गिरणीतला असो की शेतातला, त्याच्या मजुरीचा मोठा वाटा पिठाच्या डब्यात जातो. गहू कशावर पोसला याचा हिशेब शेवटी त्याच्याच पदरी येतो.

आपल्या भाषेत 'बेवड' असा एक नेमका शब्द आहे. आधीच्या पिकाने जमिनीत जो गुण मागे ठेवला, तो बेवड. मूग, उडीद, हरभरा यांचा बेवड गव्हास चांगला आणि ज्वारीचा वाईट, हे अक्षरओळख नसलेला कास्तकारही जाणत होता. जुन्या मध्यप्रांतात गहू आणि हरभरा मिसळून पेरीत. त्यास 'बिर्रा' म्हणत. अकबराच्या काळी आपले कळंब हे वऱ्हाड सुभ्यातील एका 'सरकार'चे ठाणे होते. त्या सरकारचा सारा ज्या जमिनींनी भरला, त्यांत कारखान्याच्या खताची एक चिमूटही पडलेली नव्हती.

या अनुभवामागील कारण युरोपला उमगले ते १८८६ साली. हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखविले की, डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जंतू राहतात आणि हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. पुढे अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ साली बिहारातील पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत आले. पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनी गव्हाचे सुधारलेले वाण काढले आणि बोरू, म्हणजे ताग, जमिनीत गाडण्याचे प्रयोगही केले. नुसते गाडून भागत नाही, कुजण्यास ओल आणि हवा दोन्ही लागतात, हा त्यांचा निष्कर्ष. १९२४ साली ते होळकरांच्या इंदूरला आले. तेथे यशवंत वाड यांच्या सहकार्याने शेतातील काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत त्यांनी बसविली आणि १९३१ साली दोघांनी तीवर ग्रंथ लिहिला. हिंदी शेतकऱ्यास हॉवर्ड आपला गुरू मानीत, हे विशेष.

मग बेवड मागे का पडला? फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला. १९१३ साली जर्मनीत त्याचा कारखाना निघाला. आपल्याकडे सिंद्रीचा कारखाना १९५१ साली सुरू झाला. तरी जुन्या उंच गव्हास फार नत्र मानवत नसे. तो लोळत असे. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बी आले. तो गहू भरपूर नत्र पचवून उभा राहत असे. देशाची धान्याची टंचाई त्याने हटविली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण त्याची भूक बेवडाने भागण्यासारखी नव्हती.

आता साधा हिशेब पाहू. ओलिताच्या गव्हास हेक्टरी १०० ते १२० किलो नत्र सांगतात. मृगात पेरलेला बोरू फुलोऱ्यावर येताच, सहा-सात आठवड्यांनी, गाडला तर चांगल्या पिकातून हेक्टरी सुमारे ६० किलो नत्र जमिनीस मिळते. ४५ किलोच्या युरियाच्या तीन गोण्यांत साधारण तेवढेच असते. बोरूचे सारे नत्र पहिल्याच पिकास लागू होत नाही, हे खरे. पण माती भुसभुशीत होते, ओल धरते. ते काम गोणी करीत नाही. सोयाबीनही डाळवर्गीयच, मात्र त्याच्या नत्राचा मोठा भाग दाण्यांबरोबर बाजारात जातो.

म्हणजे ज्ञान आहे, बी आहे. अडते कोठे? बोरू गाडायचा तर त्या रानातले खरीप सोडावे लागते. ज्याने एका वर्षाच्या मक्त्याने शेत घेतले, त्याने कपाशी-सोयाबीन सोडून पुढच्या सालासाठी माती कसदार का करावी? पुढच्या साली तेथे तिफण दुसऱ्याचीच चालावयाची. विदर्भासाठी कुळकायदा १९५८ साली झाला, तरी तोंडी मक्ते आजही चालतात.

बेवड म्हणजे पुढच्या सालावरचा विश्वास होय. कसणाऱ्यास तो विश्वास द्यावयाचा, तर मक्ता निदान तीन सालांचा आणि लेखी हवा; आणि ज्या साली बोरू गाडला, त्या सालच्या मक्त्यात सूट हवी. शेत मक्त्याने देणारे पुष्कळ जण गावात राहतात, आणि अशा व्याख्यानांनाही येतात. म्हणून हे शेतावर न सांगता येथे सांगितले.