सिहोरची ज्योतिष पाठशाळा

पंचांगावरून ग्रहणाची वेळ सांगणे निराळे आणि ग्रहण का लागते हे शिष्यास पटवून देणे निराळे. पहिल्यास गणित पुरते. दुसऱ्यास त्या गणितामागील सृष्टिनियम शिक्षकाच्या अंगी मुरलेले असावे लागतात. असे शिक्षक घडविण्याचा एक प्रयत्न एकोणिसाव्या शतकात माळव्यात, भोपाळजवळील सिहोर येथे झाला.

तेथील इंग्रज पोलिटिकल एजंट लान्सेलॉट विल्किन्सन यांनी इ. स. १८३४ मध्ये असे प्रतिपादन केले की, या देशात नवे ज्योतिष शिकवावयाचे तर आरंभ सिद्धान्तग्रंथांपासूनच करावा. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ. स. ११५०) पृथ्वी गोल व निराधार आहे, परिघाचा शंभरावा अंश सपाट भासतो म्हणून ती आपणांस सपाट दिसते, आणि जड पदार्थ ती स्वशक्तीने आपल्याकडे ओढते. ग्रहण छायेमुळे लागते, हे सांगतानाच राहू ब्रह्मदेवाच्या वराने त्या छायेत प्रवेश करतो, असा पुराणांशी मेळही आचार्यांनी घातला. श्रद्धेचा अवमान न करता विचार पुढे नेण्याची ही रीत होती.

सिहोरच्या सुबाजी बापू यांनी १८३६ साली ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहून पौराणिक, सैद्धान्तिक व कोपर्निकसप्रणीत अशी तिन्ही मते शेजारी शेजारी मांडली. १८३८ च्या सुमारास नागपुराहून बापूदेव शास्त्री येथे अध्ययनास आले. १८४२ पासून ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. विल्किन्सन १८४१ मध्येच निवर्तले होते. त्यांनी केलेले ‘गोलाध्याया’चे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनी तपासून दिले व ते १८६१ साली प्रसिद्ध झाले.

तथापि सिद्धान्त ही पायरी होय, शिखर नव्हे. भास्कराचार्यांची पृथ्वी स्थिर आहे आणि तिची ओढ ग्रहांच्या गतीचे कारण म्हणून योजिलेली नाही. तो दुवा न्यूटनने १६८७ मध्ये जोडला. चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे. म्हणून तेथे ही ओढ ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० पट क्षीण. जमिनीजवळ सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडतो. चंद्र तेवढ्याच वेळात आपल्या सरळ मार्गापासून पृथ्वीकडे सुमारे १.४ मिलीमीटर ढळतो. दगडाचे पडणे आणि चंद्राचे फिरणे एकाच नियमाने बांधलेले आहे, हे ज्या शिक्षकास उमगले, त्याच्या विद्यार्थ्यास आकाश परके राहत नाही.

सिहोरच्या त्या पंडितांनी परंपरा टाकली नाही आणि तिच्यापाशी थांबलेही नाहीत. ज्या समाजाच्या व्रतांचा व पर्वांचा काल चंद्रसूर्यांच्या गतीवरून ठरतो, त्याने आपल्या शिक्षकांपाशी त्या गतीचे कारणही मागावे, यात अधर्म कसला?